साबाना म्हणजे चादर

माझं नाव वॉशिंग्टन तोआपान्ता.
हसायचं तर हसून घ्या. आमच्या आईला
रेडिओवर जे ऐकू येई त्यातलं एक तिने उचललं.
पाठच्या भावाचं नाव सेगुंदो, म्हणजे नुसताच ‘दुसरा’.
तोवर रेडिओ बिघडला होता.

बावीस सीटची गाडी. टपावर ताडपत्रीखाली
अकरा चटया, गुंडाळलेल्या.
मी त्यांना पापायाक्ताच्या खिंडीपर्यंत चढवतो,
चार हजार मीटर, जिथे पाणी लवकर उकळतं
आणि बटाटा काही केल्या शिजत नाही.
तिथल्या पिवळ्या गवतात त्या अकराजणी उभ्या राहतात.
फ्राउके, त्यांची शिक्षिका, सांगते: श्वास घ्या.
घ्या म्हणे. जसा काही टोपलीत ठेवलाय.
एकीला तरी चक्कर येतेच.
तिला मी दालचिनीचं गूळपाणी पाजतो.

पहिल्या वर्षी, अगदी शेवटी, फ्राउके डोळे मिटून म्हणाली,
सावासाना.
मला ऐकू आलं, साबाना.
साबाना म्हणजे आमच्यात चादर.
वाटलं, बरोबर आहे, वारा सुटलाय.
गाडीतून होत्या तेवढ्या सहा चादरी काढल्या,
उरलेल्या पाचजणींना बटाट्याची पोती,
आणि घालत गेलो एकेकीच्या अंगावर,
पावलांपासून हनुवटीपर्यंत.
कुणी काही बोललं नाही. एक रडली.
नंतर फ्राउकेने सांगितलं,
हिंदुस्थानातला शब्द आहे,
अर्थ, मेल्यासारखं पडून राहणं.

मी कप खाली ठेवला.
याच रस्त्यावर, एकोणीस किलोमीटर खाली,
सेगुंदो फावड्याने दरड उपसत होता
तेव्हा दरडीचा राहिलेला भाग आला.
त्याच्यावर घातली ती चादर एका ट्रकवाल्याची,
निळ्या पोपटांची, कुणाच्या तरी लग्नातली.
म्हणजे माझं फारसं चुकलं नव्हतं.
आता चादरी अकरा आहेत.
फ्राउके त्यासाठी पाच मिनिटं वेगळी धरते.

मग उतार.
बाएसापर्यंत धुकं, पुढे त्या धुक्यालाच पानं फुटतात.
कानांत दोनदा टक् होतं, स्वेटर उतरतात,
आणि खाली रानात हवा इतकी दाट
की श्वास घ्यावा लागत नाही,
तोच शिरतो आत, न विचारता,
ओल्या कुत्र्यासारखा.

नापो नदीपलीकडे, होडीने, दोम्नीना ग्रेफाचं घर.
पहाटे तीनला ती चूल पेटवते,
ग्वायूसाची पानं उकळते.
त्यांच्याकडे उजाडायच्या आत स्वप्नं सांगून टाकतात,
उन्हात ती टिकत नाहीत म्हणे.
अकराजणी अंधारात चटया घेऊनच आल्या.
दोम्नीना म्हणाली, त्या राहू द्या. बसा. काय दिसलं?
दातांची डॉक्टर म्हणाली, काही नाही, छान झोप लागली.
दोम्नीनाने मान हलवली,
कुणाची कोंबडी हरवल्यावर हलवावी तशी.
दुसरीची आगगाडी चुकली होती.
दोम्नीनाने आगगाडी कधी पाहिलेली नाही.
किती लांब? तिने विचारलं. डोळे होते?
मग साप असेल. पाऊस येणार.

मलाही विचारते ती, दर वेळी.
मला स्वप्नं पडत नाहीत, मी म्हणतो. सात वर्षं हेच.
या वेळी कुणास ठाऊक काय झालं, म्हणालो,
सेगुंदो होता. गाडीच्या टपावर, चटयांमध्ये बसलेला.
हळू चालव, म्हणत होता.

तिने माझी वाटी पुन्हा भरली.
थंडी वाजत होती का त्याला?
विचारलं नाही.
मग विचार की, ती म्हणाली,
आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

पाऊस खरंच आला.
फ्राउकेने त्या दिवशी वर्ग घेतलाच नाही,
चटयांवर दोम्नीनाची पिल्लं फिरत राहिली.
मला गाडीचं पुढचं डावं टायर बघायचं होतं,
पण होडी पलीकडच्या काठाला होती.